वायर काढू नये

मी, ललिता रामचंद्र मढवी, वय ६७, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार जुईनगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणी भरीस न घालता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मनाचा दाखला कोणी देत नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी मुलगा विपुल यास.

२. पाटल्या सून भाविकाला. तांब्याचा हंडा नणंद जाईबाईंना. लग्नानंतर पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "कॉन्व्हेंटवाले, बोंबील साफ कराला येतं का गो?" येत नव्हतं. शिकवलंही त्यांनीच. हंडा घासून द्यावा.

३. हॉलमधला लँडलाईन फोन नात रुतिका, वय ९, हिला. चालू स्थितीत.

रबाळ्याच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसले, एकही फोन वाजत ठेवला नाही. चार वर्षांपूर्वी मात्र कर्जाच्या जाहिरातींचे फोन दुपारची झोप मोडत, म्हणून घरच्या फोनची वायर काढून ठेवली. त्याच दुपारी माझे पती रामचंद्र यांना बाजारात चक्कर आली. त्यांचा मोबाईल घरी टेबलावर राहिला होता. फळवाला बंडू नंतर म्हणाला, "काका एकच नंबर सांगत होते, मावशी. मी लावत होतो, कोण उचलतच नव्हतं." मी आत झोपले होते. हे बाजारातच गेले. रडू तेव्हा आलं नाही, अजून आलेलं नाही. वायर संध्याकाळी परत लावली.

विपुल आता रुतिकाला वाढदिवसाला मोबाईल घेणार आहे. म्हणतो, "मम्मी, लँडलाईन कोण वापरतं?" ती वापरते. तिच्या तीन मैत्रिणींच्या घरीही असे फोन बसवलेत, सगळे नंबर तिला पाठ आहेत. ती चौदा वर्षांची होईपर्यंत मोबाईल देऊ नये, हा फोन बंद करू नये. अशी अट कोर्टात टिकत नाही, असं वकील म्हणतात. मग विनंती समज, विपुल.

४. सहीपूर्वी वाढवलेला मजकूर: आत्ता फोन वाजला. रुतिकाने उचलला. "नमस्कार, मढवींचं घर. रुतिका बोलतेय, कोण हवंय?" थोडं ऐकून म्हणाली, "नाही काका, आम्हाला कर्ज नको. थँक्यू." रिसीव्हर नीट ठेवून पुन्हा चित्र रंगवायला बसली. वायरला हात लावला नाही.

सही: ललिता रामचंद्र मढवी

आमच्यादेखत सही केली:
१. दीपेश घरत, शेजारी
२. पुतळाबाई भोईर, मैत्रीण

जुईनगर, नवी मुंबई
१२ ऑक्टोबर २०२५