चारापाणी

रविवार, संध्याकाळ

कल्याणच्या जनावरांच्या प्रदर्शनात आमची कालवड चंद्री पहिली आली. परीक्षक तिच्या पोटावर हात ठेवून म्हणाले, "चारापाणी उत्तम ठेवलंय हो तुम्ही." मी वर थँक्यू म्हणालो. लाज कशी नाही वाटली?

काल पेंडीत जास्तीचं मीठ मीच कालवलेलं. सकाळभर तिने पाण्याकडे मान वळवली की मी बादली पायाने लांब सरकवायचो. का, तर ऐन वेळी घटाघटा पिऊन पोट गोल दिसावं. एका ढालीसाठी!

घरी आईने तिला ओवाळलं. "गुनाची गो बाय माझी!" चारापाणी म्हणे!

आत्ता गोठ्यात भरलेली बादली ठेवली. चंद्रीने लगेच तोंड नाही घातलं. आधी माझ्याकडे बघितलं, पिऊ का म्हणून.