मोना माझ्या बुलेटमागं पळणार

३ ऑक्टोबर, पहाटे ३.४०
झोप लागत नाही असं नाही, झोपेची गरजच संपली आहे. चार दिवसांत मिळून पाच तास. तरी अंगात नुसता करंट. जूनपासून दीड महिना अंथरुणात होतो, मोटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर उघडलं नाही. ती कणकण होती. संपलं ते.

निर्णय: दिवाळीच्या पाडव्याला म्हैस पळवायची. गवळी लोक दरवर्षी पळवतात. सायलेन्सर काढलेल्या बुलेटवर मालक पुढं, शिंगं रंगवलेली म्हैस हाकेसरशी मागं. जनावराला जीव लावायला त्यांना वर्ष लागतं म्हणे. मला एकोणीस दिवस पुष्कळ. मोटर रिवाइंडिंग मी आठ दिवसांत शिकलो होतो.

बायकोला उठवून सांगितलं. शिवांजली म्हणाली, सकाळी बोलूया. दूरदृष्टीचा अभाव.

५ ऑक्टोबर
गडमुडशिंगीच्या विठाबाईंकडून म्हैस आणली. नाव मोना. बदल्यात शिवांजलीची स्कूटर दिली. तशी ती फार फिरत नाही, रोज ऑफिसला जाते तेवढंच. निघताना विठाबाई म्हणाल्या, पावणं, ही माझ्याच हाकेला येती, दुसऱ्याच्या न्हाय, आदीच सांगून ठेवते. म्हातारीला मार्केटिंग जमत नाही.

मोनाला शाहूपुरीत घरामागच्या बोळात बांधलं. जेवताना शिवांजलीनं स्कूटरचा विषय काढला. ताट भिंतीवर मारलं. माणसाला मारलं नाही, हे घरात कोणी लक्षातच घेत नाही. शांभवी (माझी लेक, सातवीत, फार हुशार) उठली आणि मोनाला भाकरी भरवत बसली. माझ्यावर गेली आहे.

९ ऑक्टोबर
पहिला सराव. बुलेट सुरू केली, मोना खाली बसली. सायलेन्सर काढला, मोनानं डोळे मिटले. दोन तास रेस देत होतो. शेजारचे नेमगोंडा पाटील आले, म्हणाले, पोरांचा अभ्यास चाललाय, जरा दमानं घ्या की. त्यांना समजावलं. समजावताना त्यांचा चष्मा फुटला आणि ओठ. तीन टाके. पोलिसात गेले नाहीत, म्हणजे चूक त्यांचीच.

संध्याकाळी श्रीशैलअण्णा, माझा थोरला भाऊ. म्हणाला, सोम्या, गेल्या साली डॉक्टरनी सांगितलंतं, बायपोलर हाय, गोळ्या सोडायच्या न्हाईत म्हणून. तू सोडलायस व्हय? आता मोटरवाल्याला हे शिकवणार. बायपोलर म्हणजे दोन पोल. दोन पोलची मोटर चार पोलच्या दुप्पट फिरते, एवढाच त्याचा अर्थ. गोळ्या मी मार्चमध्येच संडासात टाकल्या, म्हणून तर डोकं असं चालतंय. अण्णाला कॉलरला धरून जिन्यावरून खाली नेलं. शेवटच्या तीन पायऱ्या तो आपला आपण पडला.

१४ ऑक्टोबर, सकाळी
संकल्प: आजपासून चिडायचं नाही.

१४ ऑक्टोबर, ११.१५
बिद्रीचं गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणालं, उसाला पाणी न्हाय, मोटर कधी देताय, महिना झाला. पाना घेतला आणि त्याची मोटरच फोडली. वाद मिटला. संकल्प उद्यापासून.

१८ ऑक्टोबर
शिवांजली म्हणाली, शांभवीला घेऊन निपाणीला माहेरी जाते. मी फक्त दार लावलं. जोरात लावलं असेल. तिचा हात मध्ये होता, हे मला कसं दिसणार? मनगट मोडलं. ऑफिसला तिनं फोनवर बाथरूममध्ये घसरले म्हणून सांगितलं. म्हणजे माझी चूक नाही, हे तिलाही पटलेलं आहे.

शांभवीनं विचारलं, पप्पा, मोना पळाली की तुम्ही मारामारी बंद करणार का. म्हणालो, शब्द दिला. ती आता रोज सकाळी तासभर मोनाला घासते, तिच्याशी बोलते. आईला म्हणाली, पाडव्यापर्यंत थांबूया की. टीमवर्क.

२२ ऑक्टोबर, पाडवा
शिंगं लाल रंगवली. पाठीवर केस कातरून माझं नाव काढलं, सोमशेखर. मैदानात ही गर्दी. बुलेटला रेस दिली, हाक मारली. मोना हलली नाही. पुन्हा हाक. मोनानं शेण टाकलं. लोक हसले. तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

मग शांभवीनं बाजूनं हळूच हाक मारली. मोना शेपूट वर करून सुटली तिच्यामागं. पाव मैदान. शिट्ट्याच शिट्ट्या. शांभवी पळता पळता माझ्याकडे बघून सांगत होती, पप्पा पळाली, पळाली की.

म्हैस माझी, पाठीवर नाव माझं, आणि पळाली दुसऱ्यामागं. हातात काठी होती. मोनाला धडा शिकवायला गेलो. शांभवी मध्ये आली. जनावराच्या आणि मालकाच्या मध्ये कोणी येऊ नये, साधा नियम आहे.

लोकांनी मला खाली पाडून तुडवलं. पहिली लाथ नेमगोंडा पाटलांची. समोरचा एक दात गेला. जत्रेत असं होतंच.

२३ ऑक्टोबर
शांभवीच्या कपाळाला सहा टाके. शिवांजली तिला घेऊन निपाणीला गेली. अण्णानं मोनाला विठाबाईंकडं पोचवून स्कूटर परत आणली. पुढच्या वर्षी दोन म्हशी घ्यायच्या.

१२ नोव्हेंबर
अंग जड. ब्रश करायचा आहे. उद्या.

१३ नोव्हेंबर
नाही झाला.

२३ नोव्हेंबर, रविवार
अण्णा शांभवीला घेऊन आला. तिची पुस्तकं इथं राहिली होती. कपाळावरचा व्रण अजून लाल आहे. कितीतरी दिवसांनी मी आपणहून उठून बसलो. तिनं लांबूनच विचारलं, पप्पा, जेवलाय का. फार बरं वाटलं. डोक्यावरून हात फिरवावा म्हणून हात उचलला.

ती मटकन खाली बसली. डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि डोळे घट्ट मिटले. पुस्तकं सगळी फरशीवर.

माझा हात तसाच वर राहिला. खाली आणला तर ती अजून घाबरेल असं वाटलं. शेवटी अण्णानं मनगट धरून हात खाली ठेवला.

अण्णाला म्हणालो, डॉक्टरकडं ने. तो म्हणाला, आज रविवार हाय, दवाखाना बंद असतोय, उद्या सकाळी नऊला येतो. शांभवी त्याच्या पाठीआडूनच बाहेर गेली.

लिहून ठेवतो. शांभवीला काठी मी मारली. डॉक्टरला पहिलं हेच सांगायचं. वही बरोबर न्यायची, कारण नऊ वाजेपर्यंत मला दुसरंच काहीतरी पटलेलं असेल.