बाबांच्या बेलसाठी स्वतःची लिनक्स

३ मार्च, सकाळ
नोकरी गेली हे खरं, पण डोकं मोकळं झालं. पहिला प्रकल्प बाबांची बेल. पक्षाघातानंतर त्यांचा आवाज गेलाय. काही हवं असलं की चमच्याने पेला वाजवतात. घरात इंजिनियर असताना! ही म्हणाली, दुकानात तयार बेल मिळते, ऑफिसातून येताना आणते. मी साफ नको म्हणालो. तळहाताएवढ्या कॉम्प्युटर बोर्डावर मी स्वतः बांधलेली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चढवणार. शनिवारपर्यंत काम फत्ते.

४ मार्च
वायरिंग पूर्ण. बटण बाबांच्या उशाशी, स्पीकर स्वयंपाकघरात फ्रिजवर, बोर्ड माझ्या टेबलावर. बेलचा प्रोग्राम लिहिला, लिनक्स चालू झाली की आपोआप चालू होईल असा. आवाजाच्या फाइली नेटवर ढिगाने आहेत. ऐकत बसलो नाही, पहिली मिळाली ती टाकली. बाबांना सगळं समजावलं तर त्यांनी पेला आणि चमचा माझ्याच हातात दिला. भरून आलं.

८ मार्च, शनिवार
मेमरी कार्डावर लिनक्स चढवली. बोर्डाला वीज दिली, दिवा लागला. बोर्ड काय म्हणतो ते लॅपटॉपवर दिसावं म्हणून तारा जोडल्यात, एक बोलायची, एक ऐकायची. स्क्रीन काळीठिक्कर. म्हणजे लिनक्स चालूच झाली नाही. किरकोळ असणार.
ही म्हणाली, बटण दाबून तरी बघ. हसू आलं. स्क्रीन काळी असताना बटण दाबणं म्हणजे पाया नसताना छत घालणं. बाबांना सांगितलं, अजून चालत नाही, दाबू नका. त्यांनी मान हलवली. हल्ली ते सगळ्यालाच मान हलवतात. पेला परत द्यायचा राहिला.

११ मार्च
कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नव्याने बांधला. काळी. कार्ड बदललं. काळी. बोर्ड चालूच ठेवतो, बंद केला तर हार मानल्यासारखं वाटतं.
त्यात एक नवीन कटकट. स्वयंपाकघराच्या बाजूने दिवसभर टिंग, टिंग. शेजारच्या काकूंचा ओव्हन, दुसरं काय! ही घरी असली की एकदाही वाजत नाही. तिला वाटतं मला भास होतात.

१३ मार्च
काकूंना शांतपणे सुनावून आलो. म्हणाल्या, ओव्हन महिनाभरापासून बंद पडलाय. कबूल कोण करतं!
संध्याकाळी बाबांची चादर ओली निघाली. हिने ऑफिसातून आल्या आल्या बदलली. 

१७ मार्च
हेडफोन आणले. एकाग्रता वाढली. शनिवारपर्यंत नक्की.

१९ मार्च
बाबा पडले. पाण्यासाठी उठले असावेत, तांब्या रिकामा होता. मी हेडफोन लावून कर्नल बांधत होतो. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले, आता उभं राहणं कठीण. हिने विचारलं, त्यांनी तुला बोलावलं कसं नाही? मी म्हणालो, स्वभावच तसा आहे, कुणाला त्रास द्यायचा नाही.

२५ मार्च
ताई बाबांना परस्पर हॉस्पिटलातूनच तिच्या घरी घेऊन गेली. मी म्हणालो, बेल होतच आलीये. ती बाबांची औषधं पिशवीत भरत राहिली. ही रात्रीचं जेवण टेबलावर ठेवून झोपायला गेली.
बोर्ड कपाटात टाकला. ओव्हनसुद्धा गप्प आहे. काकूंना उशिरा का होईना, अक्कल आली.

३० मार्च, दुपार
बायोडेटात टाकायला प्रकल्पाचा फोटो हवा होता. बेल चालत नाही हे फोटोत दिसत नाही. म्हणून सगळं पुन्हा जोडलं. घाईत बोलायची तार ऐकायच्या जागी बसली, ऐकायची बोलायच्या जागी. स्क्रीनवर भराभरा अक्षरं धावली आणि लॉगिन विचारून थांबली.
म्हणजे तारा पहिल्यापासून उलट होत्या. लिनक्स पहिल्याच दिवशी चालू झाली होती! खुर्चीवरून उडालोच. टाळी द्यायला घरात कुणी नव्हतं.
मग बाबांच्या खोलीत गेलो. गादी गुंडाळून ठेवलीये. बटण तसंच उशाशी लटकतंय. दाबलं.
स्वयंपाकघरातून आवाज आला. टिंग.
पुन्हा दाबलं. टिंग.
खाली बसलो. हिला काय सांगू? ताईला काय सांगू? सुरुवात काकूंपासून करतो. त्यांचा ओव्हन खरंच बंद होता.