मामू, मी ‘नाही’ म्हणाले होते

श्रीवर्धन, १९३४

हमदुल्लामामूंना सलाम,

माझ्या निकाहात माझा कौल काझींपर्यंत न्यायला वकील म्हणून तुम्हीच पडद्याआड आला होतात. “पोरी, कबूल?” तेरा वर्षांची मी “नाही” म्हणाले. तुम्ही मायेने डोक्यावरून हात फिरवलात, बाहेर जाऊन “कबूल म्हणते” सांगितलंत आणि सगळ्यांआधी जेवायला दस्तरखानावर बसलात.

आता माझ्या जुलेखाचे वकीलही तुम्हीच, असं तिच्या अब्बांनी ठरवलंय. तिला हे लग्न नको आहे. “अम्मा, हमदुल्लानाना विचारायला आले की त्यांना सांगू?”

“त्यांना नको गं. पडदा सार आणि थेट काझींना सांग.”

हे पत्र धाडत नाही. आधी कळलं तर तुम्हाला नेमका त्याच दिवशी ताप भरेल. तिचं ‘नाही’ तुमच्यादेखत सगळ्यांनी ऐकायला हवं.

जिचं कधीच काही म्हणणं नव्हतं, ती तुमची भाची,
महेरुन्निसा