जाहिरात संपली नव्हती

तांता,
रमजानचा शेवटचा आठवडा

प्रिय हिल्मी,

हे पत्र राऊयाच्या नवऱ्याच्या, शौकीभावजींच्या हाती ईदच्या बिस्किटांच्या, कहकच्या डब्याबरोबर पाठवतेय. डबा वर ने, तुझ्या आईच्या, हाज्जाच्या हातात दे, पण पत्र आधी जिन्यातच वाच. आणि क्रमाने वाच, बाबा. मालिका बघताना पुढच्या भागात काय होणार ते मोबाइलवर शोधून ठेवतोस आणि मग सगळ्यांच्या आधी 'मला वाटलंच होतं' म्हणतोस, तसं इथे करू नकोस. शेवट शेवटीच येईल.

आधी मालिकांचं बोलू, कारण तुला दुसरं काही बोलायचंच नसतं. ती इतिहासाची मालिका मी सोडून दिली. सुलतान वाळवंटात आठवडाभर लढतोय आणि दाढी मात्र आत्ताच न्हाव्याकडून आल्यासारखी. गरीब वस्तीतली ती दुसरी. तिच्यातल्या गरिबाघरचं स्वयंपाकघर आपल्या अख्ख्या फ्लॅटएवढं आहे, आणि हिरॉइन बेशुद्धीतून शुद्धीवर येते ती लिपस्टिक लावून. राऊया म्हणाली, ताई, तू शांतपणे बघ ना, मला रडू येतंय. माझ्या बहिणीला जाहिरात बघूनही रडू येतं, तिचं सोड. विनोदी मालिकेतला तो पोट सुटलेला मुख्याध्यापक तेवढा बरा आहे. निदान तो आपल्याला शहाणपण शिकवत नाही.

राहिली 'सुताची गाठ'. ती मात्र मी एकही भाग न चुकवता बघतेय, आणि रोज स्वतःच्या डोक्याला ताप करून घेतेय. दहा भागांत जेवढं घडायचं ते घडलं, आणि मग काय, माणसं नुसती चहा पितात आणि खिडकीबाहेर बघतात. शाकिरने एकदा खिडकीबाहेर बघितलं की मी उठून भांडी घासून येते, तरी तो तिथेच असतो.

तू मात्र त्याचा वकीलच झालायस. मगरिबची बांग होते, इफ्तार उरकतं, मालिका लागते, आणि पहिल्या जाहिराती आल्या की तुझा फोन. बघितलंस का शाकिर काय म्हणाला? आता दौलतचंच चुकलं की नाही? फोन कायम स्पीकरवर, कारण तुला बोलता बोलता खजुरांतल्या बिया काढायच्या असतात. मागून हाज्जाचा आवाज येतो, तुझ्या भावाचा येतो, त्याची बायको शाहिनाझ हसते तेही ऐकू येतं. मग जिरं कुठे ठेवलंय हे विचारतोस. मग, राऊयाचा गुडघा कसा आहे. आणि शेवटी रोजचं ठरलेलं, ईदला येतेस ना? मी म्हणते बघू, आणि तू त्या 'बघू'वर समाधान मानून मालिकेकडे परत जातोस.

राऊयाचा गुडघा ठणठणीत आहे, हिल्मी. ती परवा चौथ्या मजल्यावर कहकच्या परातींसह दोनदा चढली. तुला खरंच वाटतंय की रमजानच्या मध्यात मी घर सोडून इथे गुडघ्याला तेल लावायला आलेय?

त्या संध्याकाळची आठवण करून देते. आपल्याकडे सगळे जमले होते. शाकिरने आईपुढे मान खाली घालून सांगितलं की दौलतकडून मूल होत नाही म्हणून मी दुसरं लग्न करतोय, आणि दौलत दाराआड उभी राहून ऐकत होती. मी तेव्हा आतून पाकातल्या कतायफचं ताट घेऊन येत होते. हाज्जा नेहमीप्रमाणे म्हणाली, बिचारा शाकिर. तिचं मला काही वाटत नाही, तिचं बोलणं मी इतकी वर्षं पचवलंय. शाहिनाझने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं, त्याचीही सवय आहे. पण तू माझ्या हातातल्या ताटातून एक कतायफ उचललास, तोंडात टाकलास, आणि पडद्यावरून नजर न हलवता म्हणालास, "बाईलाच मूल होत नसेल तर माणसाने करायचं तरी काय?"

पाक तुझ्या बोटावरून गालिच्यावर ठिबकला. मी तो पुसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तांत्याच्या गाडीत बसले.

मला रागाने बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. रागाने मला भांडी घासता येतात, पीठ तिंबता येतं. इथे बायकांनी या वेळी माझ्या हातचं कहक इतकं खुसखुशीत कसं म्हणून विचारलं. मी म्हटलं, तूप चांगलं आहे.

तरी रोज तुझ्या फोनची वाट बघायची. मूर्खच मी. आज तरी तो स्पीकर बंद करेल, आज तरी विचारेल की नेअमत, तू का गेलीस? तुझं आपलं शाकिर एके शाकिर. शाकिरला मुलगा झाला तेव्हा तुमच्या घरात टाळ्या वाजल्या, मी कानाने ऐकल्या. म्हणून मग परवा मी तुला विचारलं. सहज विचारलं, मालिकेबद्दलच. म्हटलं, इतके भाग झाले, दौलतला इतक्या हकिमांकडे फिरवलं, या लिहिणाऱ्यांना एकदाही सुचू नये का, की आधी शाकिरला डॉक्टरकडे पाठवून बघावं?

मागचा सगळा गलका चालूच होता. तू मात्र गप्प. मग म्हणालास, "चल, जाहिरात संपली," आणि फोन ठेवलास.

हिल्मी, मी तेच चॅनेल बघत होते. जाहिरात संपली नव्हती. तो तुपाच्या जाहिरातीतला जाडा माणूस ताट डोक्यावर घेऊन अजून नाचत होता, त्याच्यामागून साबणाची लागली, मग टेलिफोन कंपनीची. एवढ्या जाहिराती मी आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत बघितल्या. आणि मला बरं वाटलं, खरंच. कारण मला वाटायला लागलं होतं की तू विसरलास. हाज्जाने इतकी वर्षं माझ्या नावाने जे सांगितलं ते ऐकून ऐकून तुलाच खरं वाटायला लागलं. तू गप्प झालास तेव्हा कळलं, तुला सगळं आठवतं.

मलाही आठवतं. डॉक्टर बोलत होते माझ्याशी, पण बघत होते तुझ्याकडे, आणि तू टेबलावरच्या काचेच्या गोळ्याशी खेळत होतास. बाहेर आल्यावर तुला रस्ता ओलांडता येईना. हॉर्न वाजत होते आणि तू फुटपाथच्या कडेला उभा. मीच तुझा हात धरला. मीच म्हटलं, घरी सांगू की दोष माझ्यात आहे. कोणी मला तसं म्हणायला भाग पाडलं नव्हतं, तुझा चेहरा बघवत नव्हता म्हणून म्हटलं. तू भर रस्त्यात माझ्या हातावर ओठ टेकलेस आणि म्हणालास, तुला कोणी एक शब्द बोललं तर मी आहे. त्या भरवशावर मी हाज्जाने आणलेले सगळे कडू काढे प्यायले. तिच्यासोबत सय्यद बदवींच्या दर्ग्यावर गेले, माझ्याच गावात, माझ्या शाळेतल्या मैत्रिणींच्या देखत जाळीला हात लावून मूल मागितलं, आणि मनात तुझ्यासाठी दुवा केली. शाहिनाझने आपल्या मुलांना माझ्या नजरेपासून दूर ठेवलं, तेही चालवून घेतलं. या कशाचा मला पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तरी तेच करेन. पण दुसऱ्यांनी मला वांझ म्हणणं वेगळं आणि तू म्हणणं वेगळं. तेही तोंडात कतायफ असताना.

आता शेवट, ज्यासाठी तुला जिन्यात उभं केलं. उद्या 'सुताची गाठ'चा अखेरचा भाग. सगळे आपल्याकडेच जमतील. जाहिराती लागल्या की नेहमीसारखा फोन कर, स्पीकर चालूच राहू दे. शाकिरबद्दल एक अक्षर नको. सगळ्यांच्या देखत एवढंच म्हण, की दोष नेअमतचा कधीच नव्हता. मग कोणाचा, ते सांगू नकोस हवं तर, हाज्जा काही खुळी नाही. एवढं म्हणालास तर ईदच्या पहिल्या गाडीने मी येते, आणि पुढच्या रमजानला शाकिरसारखे दहा नग आले तरी तुझ्याशेजारी बसून बघते. नाही म्हणालास तर राऊयाकडे जागा आहे आणि टीव्हीही मोठा आहे. हे सगळं मला परवा फोनवर एका वाक्यात सांगता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण पलीकडे तुझी आई ऐकत होती, तुझा भाऊ ऐकत होता, आणि माझ्या तोंडून त्यांना ते कळावं असं मला वाटेना. अजूनही वाटत नाही. म्हणून कागद घेतला.

जिरं खिडकीजवळच्या निळ्या बरणीत आहे.

अजून तरी तुझीच,
नेअमत