टाकीतली मैफल आणि माळ्यावरच्या गाद्या

आदरणीय व्याहीबुवा,

सप्रेम नमस्कार. तुमची तब्येत ठणठणीत आहे असं मी धरून चालतो, कारण मागच्या फोनवर मी तीनदा विचारलं आणि तुम्ही तिन्ही वेळा हवामान सांगितलंत. म्हणून हे पत्र. तुमच्याशी फोनवर बोललं की आमच्या शेजारच्या चार घरांना सगळं कळतं आणि नेमकं तुम्हालाच कळत नाही. (हल्ली लोक पुटपुटतात हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. आपण त्यावरून वाद घालायला नको.) विहीणबाईंना नमस्कार. इकडे सगळे मजेत आहेत. फक्त माझे गुडघे घरात राहूनही स्वतंत्र विचारांचे झाले आहेत.

आता तुमच्या लेकीची, म्हणजे आमच्या सूनबाईची बातमी. आमच्या वस्तीच्या मधोमध पाण्याची एक जुनी गोल टाकी आहे. तिच्यात पाणी येणं कधीच बंद झालं. तिच्या जागी गाण्याबजावण्यासाठी आणि चार माणसांना एकत्र बसण्यासाठी सभागृह करायचं असं रहिवासी मंडळाने ठरवलं. अध्यक्षांच्या मनात टाकी पाडून चौकोनी हॉल, काचा, एसी आणि भिंतभर स्पीकर. (त्यांच्या मेहुण्याचं एसीचं दुकान आहे, हा निव्वळ योगायोग.) सूनबाई म्हणाली, टाकी पाडायचीच कशाला? भिंती हातभर जाड आहेत, आत भर दुपारी गारवा असतो. खाली खिडक्या काढू, वर झरोके काढू, म्हणजे गरम हवा आपली आपण वर निघून जाईल. पावसाचं पाणी हौदात साठवू, दारंखिडक्या पाडलेल्या घरांच्या आणू, आणि माइक लावायचाच नाही. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे आता आम्ही टाकीत बसायचं?" मंडळाचा चिटणीस मी, आणि आराखडा सुनेचा, त्यामुळे मला सभेत तोंड उघडता येईना. (या सगळ्या प्रकरणातला हा एकमेव सार्वजनिक लाभ, असं आमच्या सौभाग्यवतीचं मत आहे.)

शेवटी ठरलं की खिडक्या-झरोके झाले की आत एक मैफल करून बघायची. माइक नाही, पंखा नाही. जमलं तर टाकी राहील, नाही तर दुसऱ्या दिवशी पाडायला सुरुवात. त्या आठवड्यात सूनबाई जेवता जेवता ताटावर चमचा वाजवून नाद ऐकत बसायची. तुमचे जावई म्हणाले, "आई, हिला लवकर वाढ, नाहीतर ही वाटीला झरोका पाडेल."

मैफलीला पलीकडच्या गल्लीतल्या गाणाऱ्या बाई आल्या. (त्यांच्या क्लासला मुलं जातात आणि पालक घाबरतात.) बाई मंचावर भिंतीला पाठ लागेल इतक्या मागे बसल्या. बरोबर समोर, शेवटच्या रांगेत, तशाच भिंतीला टेकून अध्यक्ष आणि मेहुणा. आवाज छान पोचत होता, हवा खेळत होती, मी मनातल्या मनात पेढे वाटत होतो. एवढ्यात अध्यक्ष मेहुण्याच्या कानात कुजबुजले. आता गोल भिंत ही मोठी चहाडखोर जात, हे आम्हाला कुठे ठाऊक? कुजबूज भिंतीला चिकटून घसरत घसरत अर्धी टाकी फिरली आणि थेट बाईंच्या कानात उतरली. मधे बसलेल्या आम्हाला काहीही ऐकू आलं नाही. बाई भर आलापात थांबल्या आणि म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, माझा आवाज बसलेला नाही. आणि मी फुकट गाते हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

अर्ध्या लोकांना वाटलं बाईंना सिद्धी प्राप्त झाली. कारण कळल्यावर एकच गोंधळ. अध्यक्ष उभे राहून म्हणाले की ज्या वास्तूत माणसाला खासगीत बोलता येत नाही ती वास्तू सदोष आहे, पाडा. दोन-चार माना हलायलाही लागल्या. सूनबाई दाराशी उभी राहून केसांत पेन्सिल खोवत होती आणि पुन्हा काढत होती.

बाई मात्र चिडल्या होत्या. त्यांनी थांबलेला आलाप तिथूनच उचलला. आणि बरोबर समेवर मागून दणदणीत आवाज आला, "वा!" बघतो तर आमचे मोठे काका! तुम्ही त्यांना लग्नात पाहिलंत. गेली कित्येक वर्षं काका गायक पाणी प्यायला थांबला की दाद देतात. त्या दिवशी पाठ दुखते म्हणून भिंतीला टेकून बसले होते. बाईंनाही गंमत वाटली. त्यांनी तीच जागा आवाज उतरवून घेतली. "वा!" आणखी हळू घेतली, इतकी हळू की मलाही मान पुढे करावी लागली. "वा!" पुन्हा समेवरच. सगळे वळून काकांकडे बघत होते. काका म्हणाले, "माझ्याकडे काय बघताय? गाणं ऐका. आज कोणी पुटपुटत नाहीये."

मग माना काकांकडून पुन्हा मंचाकडे वळल्या आणि सगळे गाणं ऐकू लागले. अध्यक्ष तेवढे मेहुण्याकडे झुकले. क्षणात बाईंनी मंचावरून जाहीर केलं, "अध्यक्ष म्हणतायत, राहू दे टाकी. मंडळी, मंजूर झाली!" टाळ्यांचा कडकडाट. बिचारे काय करतात, उठून हात जोडले. (मेहुणा आता झरोक्यांना जाळ्या पुरवणार आहे.)

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी उद्घाटन. कळावे, लोभ आहेच, तो वाढवायला मात्र प्रत्यक्ष भेटावं लागतं.

आपला,
व्याही

ता. क. भिंतीची चहाडी थांबवायला तिला मऊ अस्तर हवं. विहीणबाईंच्या माळ्यावर कापसाच्या जुन्या गाद्या आहेत, त्या टेम्पोने पाठवाव्यात. ड्रायव्हरचा काय भरवसा; तुम्ही स्वतः गाद्यांबरोबर यावं.

ता. क. २. गाद्या विसरलात तरी चालेल. सूनबाईने परवाच जुनी दारं भिंतीला तिरकी उभी करून प्रश्न सोडवला. पण दारं लावली ती डाव्या बाजूलाच. उजवी भिंत मंचापासून मागच्या दोन खुर्च्यांपर्यंत कोरी ठेवली आहे. मला वाटलं दारं कमी पडली. पण चार दारं अंगणात तशीच पडून आहेत. विचारलं, तर म्हणाली एक खुर्ची काकांची. आणि दुसरी? "बाबा पूर्वी एकही गाणं चुकवायचे नाहीत," एवढं बोलली आणि पेन्सिल केसांत खोवून निघून गेली. ती स्वतः तुम्हाला बोलावणार नाही. ऐकू येत नाही हे तुम्हाला मान्य नाही, आणि तुम्हाला दुखवणं तिला मान्य नाही.

ता. क. ३. हे मी तुम्हाला लिहिलं असं तिला सांगू नका. विहीणबाईंना सांगायचं असेल तर खुशाल सांगा, फक्त उजव्या भिंतीपासून लांब उभे राहून.