नियम तीन

प्रिय ठमाबाई,

अक्षराला नावं ठेवू नकोस, बऱ्याच दिवसांनी हाताने लिहितेय. फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस आणि हे दोन वाक्यांत मावणारं नाही. फळा आता तुझ्या हाती द्यायचं ठरवलंय. नाही म्हणण्याआधी शेवटपर्यंत वाच.

लहानपणी तू माझ्या कॉम्प्युटरवरच्या प्रश्नोत्तरांच्या फळ्याला सावत्र भाऊ म्हणायचीस. शाळेत शिकवायला जाण्याआधी तासभर मी टेलिफोनची तार कॉम्प्युटरला जोडून बसायचे आणि मैत्रिणीला फोन करायचाय म्हणून तू दारात पाय आपटत उभी. शिलाई मशीनच्या दुरुस्तीवर कुठकुठली माणसं रोज एवढं काय लिहितात, हा तुझा सवाल. रास्त होता. चित्र नाही, आवाज नाही, पडद्यावर नुसती अक्षरं. कुणाचा चेहरा माहीत नाही, खरं नावही नाही. मास्तर होते, ते खरंच शिंपी. तेलवाला होता, त्याला काहीही तक्रार सांगा, पहिलं उत्तर ‘तेल घाला’. मी बाई, कारण वर्गात काय नि फळ्यावर काय, माझा सूर एकच. आणि आत्या होत्या. कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनं दुरुस्त केलेल्या. दोरा कसा तुटतो एवढं कळवलं की बिघाड कुठे आहे ते मशीन न बघता सांगायच्या.

नियम मी केले. पहिला, शिवीगाळ नाही. दुसरा, विक्री नाही. तिसरा, आधी जुनी पानं वाचा, मग विचारा. तोच प्रश्न पुन्हा विचाराल तर पंधरा दिवस दार बंद. तुझ्या कंपनीत तक्रार ऐकण्याआधी ‘नेहमीचे प्रश्न’ वाचायला लावता ना? ती खोड आमच्यासारख्या खडूस माणसांनी लावली. फरक एवढाच, की आमच्याकडे काम झाल्यावर परत येऊन ‘जमलं’ असं लिहावं लागायचं. नाही लिहिलं तर मास्तर आठवडाभर रुसायचे.

मग एके दिवशी आत्यांनीच विचारलं, खालचा दोरा वर येतोय, काय करू? त्यांचा विनोद असेल, असं आम्हाला वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाचव्या दिवशी मी नियम तीन लावला. आपल्या-परक्याचा भेद करायचा नाही, ही माझी मोठी ऐट. आठवड्याने त्यांच्या सुनेची ईमेल आली. आत्या रोज सकाळी पडद्यासमोर बसतात, दार बंद दिसतं, आपल्या हातून काहीतरी चुकलं म्हणतात आणि आत जाऊन निजतात. त्यांची आठवण जात चालली आहे. ठमे, आयुष्यात मी पुष्कळ मुलांना वर्गाबाहेर उभं केलं, पण एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

मी दार उघडलं. फळ्यावर फक्त एवढं लिहिलं, की आत्यांना बरं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच प्रश्न आला. तेलवाल्याने त्या दिवशी तेल घाला म्हटलं नाही. त्याने आत्यांचंच अकरा वर्षांपूर्वीचं उत्तर शोधून काढलं आणि वर लिहिलं, “एका जाणकार बाईंनी मला एकदा सांगितलं होतं.” आत्यांनी उत्तर वाचलं आणि ‘जमलं’ असं लिहिलं. पुढच्या दिवशी मास्तरांची पाळी. मग अशांची, ज्यांनी त्याआधी फळ्यावर एक अक्षरही लिहिलं नव्हतं, नुसते वाचत बसायचे. चार वर्षं हे चाललं. पाळ्या कुणी लावल्या नव्हत्या. एकमेकांना न भेटलेली शेकडो माणसं, त्यांतली निम्मी एरवी भांडकुदळ, आणि एकानेही ‘हे तुम्ही काल विचारलंत’ असं लिहिलं नाही. चुकूनसुद्धा नाही. मी ती सगळी पानं अधूनमधून वाचते आणि दर वेळी थक्क होते. नियम मी केले होते. हे मी केलं नव्हतं. आत्यांचे शेवटचे शब्द अजून फळ्यावर आहेत. “जमलं. इथली माणसं चांगली दिसतात. मी आजच आलेय.”

आता तुला का लिहितेय ते. गेल्या सोमवारी मी फळ्यावर विचारलं, की जाड कापडावर टाके सुटतात, सुई बदलूनही फरक नाही. एका नव्या मुलीने लगेच उत्तर दिलं. नेमकं, नीटस, माझ्या पसंतीचं. तिची पहिली ओळ होती, “एका जाणकार बाईंनी मला एकदा सांगितलं होतं.” मी ती ओळ पुन्हा वाचली. मग वरची पानं चाळली. त्या आठवड्यात तो प्रश्न मी तिसऱ्यांदा विचारला होता आणि उत्तर माझंच होतं, सहा वर्षांपूर्वीचं. त्या मुलीला आत्या माहीतही नसतील. गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय, तू सोबत ये. फळ्याचे पासवर्ड वेगळ्या कागदावर लिहून या पाकिटात घातलेत. जुनं पान एकही पुसू नकोस, त्यांतली बरीच मला लागतील. आणि हेच पत्र पुन्हा आलं, तर नियम तीन लावू नकोस.

तुझीच,
आई